कोमट पाणी

(खुलताबाद. सगीराच्या घराची ओसरी. समोर तिच्या मरण पावलेल्या मोठ्या बहिणीची मुलगी, लाइबा.)

सगीरा : चहा निवला बघ. लांबून आलीस, दोन घोट तर घे.

लाइबा : खाला, मी विचारलं त्याचं उत्तर द्या. अम्मीच्या पाठीवर काय होतं?

सगीरा : चेहऱ्यावर नूर व्हता. झोपल्यावानी दिसत व्हती.

लाइबा : चेहऱ्याचं झीशान सगळ्यांना सांगतो. मी पाठीचं विचारलं.

सगीरा : तुझ्या भावानं आईला दीड वरीस अंथरुणात सांभाळलं, पोरी. तू नाशकात बसून फोन करायचीस.

लाइबा : व्हिडिओ कॉल करायचे. त्यावर तो चेहराच दाखवायचा. चेहरा चांगला दिसायचा. आणि अम्मी गेली तेव्हा मी येईपर्यंत झीशान थांबलासुद्धा नाही. म्हणाला, मय्यत ठेवली तर रूहला तकलीफ होते. मी पडेगावला घरी पोचले तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत आली होती.

सगीरा : त्यात काय खोटं हाय? रूह निघाली तरी लगीच लांब जात नाय. कोण न्हाऊ घालतंय, कोण खांदा देतंय, समदं तिला कळतं. म्हणून तर मी पाणी कोमट करते. हात हलका ठेवते. तुमच्या कॉलेजात नाय शिकवत हे.

लाइबा : नाही. तिथे मी शरीर शिकवते.

सगीरा : मग रूहच्या गोष्टीत पडू नको. तो रबचा हुकूम. माणसाला त्यातलं इल्म थोडंच दिलंय.

लाइबा : मला रूहचं काही विचारायचंच नाही. माणूस पडून राहिला आणि त्याला कुणी कुशीवर वळवलं नाही, तर कमरेखालची कातडी आधी लाल होते. मग काळी पडते. मग आत हाडापर्यंत खड्डा होतो. त्या दिवशी कापूस पुरला नाही म्हणून तुम्ही पुन्हा आणायला पाठवलं होतं. शेजारच्या मेघाताईंनी सांगितलं.

सगीरा : मेघाला काय करायचंय?

लाइबा : दुकान त्यांचंच आहे.

सगीरा : न्हाऊ घालणारीनं मय्यतचं ऐब झाकायचं असतं. चांगलं दिसलं तर बोलायचं, वाईट दिसलं तर तिथंच पुरायचं. सासूनं शिकवलं मला. एवढ्या बायांना गुस्ल दिला, एकीचं काय भाईर आलं नाय.

लाइबा : पण ते ऐब अम्मीचं होतं का?

सगीरा : दुसरा चहा टाकते.

लाइबा : बसा, खाला. आता अब्बा त्याच खाटेवर आहेत. लकव्यानंतर त्यांना बोलता येत नाही. मी त्यांना नाशिकला नेते म्हटलं, तर झीशान म्हणतो, अम्मीला फुलासारखं ठेवलं होतं, खालाला विचार, तिनं स्वतःच्या हातानं गुस्ल दिलाय. अब्बांना कुठे ठेवायचं ते ठरवायला जुम्म्याला चाचालोक बसणार आहेत. तुम्ही पाहिलं तेवढंच त्यांना सांगा.

सगीरा : रूह ऐकती, लाइबा. माझी बहीण म्हणंल, सगीरानं मला चार माणसांत उघडं केलं.

लाइबा : मग तिनं त्या दिवशीही ऐकलं असेल. तुम्ही पडद्यामागून बाहेर आलात आणि नूर होता म्हणालात, तेसुद्धा.

सगीरा : लई शिकलीस तू.

लाइबा : उद्या अब्बा गेले तर त्यांना बायका न्हाऊ घालणार नाहीत. ते काम झीशानच करेल. तेव्हा झाकायलाही कुणी लागणार नाही.

सगीरा : दूल्हाभाईंना कुशीवर कोण वळवतं?

लाइबा : मी येते तेव्हा मी.

सगीरा : आन् एरवी?

लाइबा : एरवी अम्मीला जे वळवायचे तेच.

सगीरा : बैठकीत बोलणं माझ्याच्यानं व्हायचं नाय. मय्यतचं झाकलं ते झाकलं. पण जित्त्या माणसाचं झाका, असं मला कुणी शिकवलेलं नाय. तो खुंटीवरचा बुरखा दे. आत्ताच जाऊ. चादर तू वर कर. झीशान आडवा आला तर मी हाय दारात.

लाइबा : त्या दारापर्यंत तुम्ही ईदलाही गेला होतात.

सगीरा : गेले व्हते. झीशाननं शिरखुर्मा भाईरच्या खोलीतच दिला. अम्मी झोपलीय म्हणाला. आत लई ऊद जाळला व्हता, डोळ्यांत पाणी येत व्हतं, तरी खालून कसला वास येत व्हता. मी म्हटलं, सण हाय.

लाइबा : तेव्हा अम्मी जिवंत होती, खाला.