ट्रकची मालकीण

माझ्या ट्रकचा मालक कोण, ठावं हाय का? आधी मीच व्हतो आन् चालवायचो बी मीच. पाटसजवळ गाडी पलटी झाली, माझा पाय मोडला. विम्यातनं गाडीला नवी काच आली, बंपर आला. मी एजंटला इचारलं, "आन् माझा पाय?"

"मामा, पॉलिसीत पगारी ड्रायव्हर बसतो. गाडीमालक नाही."

बायकोनं हातातली कपबशी खाली ठिवली. "मग गाडी माझ्या नावावर करा. ह्यास्नी मी कामाला ठिवते."

एजंट हसला. "मामी, पगार द्यावा लागेल."

तिनं कनवटीची नोट काढून माझ्या प्लास्टरवर ठिवली. "ह्यो पयला."

महिन्याभरात गाडी तिच्या नावावर झाली.

चला, चहा उरका लौकर, गाडी काढायची हाय. उशीर झाला तर नवऱ्याला माफी हाय, ड्रायव्हरला न्हाई.