बाईंचा आवाज

मंडळी, ऐका. खोटं रचणारा मोठा पापी, की ते खरं मानून घरोघर पोचवणारा? आत्ता माना डोलावू नका. आधी ऐका.

घाटाखालचं एक गाव. तिथल्या शाळेत हेमलता कोठावळे नावाच्या बाई. सातवीच्या पोरांना मोबाईलचं शहाणपण शिकवायच्या — अनोळखी माणसाला फोटो देऊ नका, पासवर्ड सांगू नका. एकदा त्यांनी स्वतःचा आवाज कॉम्प्युटरला ऐकवला. आणि काय! कॉम्प्युटर हुबेहूब बाईंच्या आवाजात बोलला — उद्या शाळेला सुट्टी. पोरांनी टाळ्या पिटल्या. बाई म्हणाल्या, "हे मी बोलले नाही. हे कृत्रिम बुद्धीनं केलं. म्हणून कुणाचंही बोलणं पुढं पाठवायच्या आधी त्या माणसाला विचारायचं." पोरांनी ते मनात धरलं. पोरंच ती — आपल्यासारखी कीर्तन मांडवातच झटकून घरी थोडीच जाणार!

त्या गावात सुशांत नावाचा एक तरुण. स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलींचे व्हिडिओ काढायला लागला, तसं बाईंनी त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. त्याच्या मनात खुन्नस राहिली. थोड्याच दिवसांत गावच्या ग्रुपवर बाईंचा आवाज आला — इथल्या बायका पोरं जन्माला घालतात आणि उकिरड्यावर सोडतात, यांच्यापेक्षा जनावरं बरी.

आवाज बाईंचा, शब्द सुशांतचे. पण विचारायला थांबतंय कोण? दुपारपर्यंत क्लिप घराघरांत. बायका शाळेवर चालून गेल्या. सगळ्यांत पुढं मंदा डुबल. तिची मुलगी तनुजा सातवीतच. ती वर्गाच्या दारात आईला आडवी झाली. म्हणाली, "आई, बाईंना विचारलंस का?"

आईनं तिच्या थोबाडीत दिली. वर्गासमोर.

बाई सांगत राहिल्या, हे माझं बोलणं नाही. कुणी ऐकलं नाही. कुणीतरी शेण फेकलं, ते त्यांच्या अंगावर पडलं. बाईंनी बदली मागून घेतली आणि गेल्या.

पुढं पोलिसांनी सुशांतला धरलं. सरपंचांनी ग्रुपवर खुलासा टाकला — क्लिप बनावट होती. मंडळी, तो खुलासा कितीजणांनी पुढं पाठवला असेल? एकानंही नाही. त्यात चव नव्हती ना!

मंदा एकटी बाईंच्या नव्या शाळेत गेली. पाय धरले. बाईंनी तिला उठवलं, पाणी दिलं, आणि एवढंच विचारलं, "तनुजाची माफी मागितलीत?"

मंदा घरी आली. लेकीजवळ बसली, रडली. पोरगी म्हणाली, "असू दे, आई. मी आता कुठं काही बोलतच नाही."

बाईंनी तिला विचारायला शिकवलं होतं. गावानं तिला गप्प बसायला शिकवलं. आणि गावाचा धडा पक्का बसला, मंडळी.

पोरांना शाळा शिकवील. तुम्हाला-मला कोण शिकवणार? आज इथं बसलेल्यांपैकी कुणी कुणाचं काय काय पुढं पाठवलंय, ते ज्याचं त्याला ठाऊक. टाळकरी, टाळ खाली ठेवा. आज गजर नको. ज्याला आठवलं असेल, त्यानं उठावं आणि आधी त्या माणसाच्या दारात जावं. देव थांबेल.