कॉफीची बातमी माझीच!

...छे छे, ही कॉफी नाही हो! कप विसळलेलं पाणी बरं हिच्यापेक्षा! तुम्हाला सांगतो, मंत्री अंगावर धावून आले, गुंड दारात येऊन बसले, मी तसूभर हललो नाही. आणि आता रोज सकाळी स्वयंपाकघरात एका गाळायच्या कागदापुढे मान खाली घालून उभा असतो. बोलणार कुणाला? बातमी माझीच!

झालं काय, आमची आरोग्याची बातमीदार रजेवर. संपादक म्हणाले, "कॉफीवर काहीतरी हलकंफुलकं द्या." हलकंफुलकं? मला? जन्मभर खून आणि घोटाळे लिहिलेल्या माणसाला? मग मीही इरेला पेटलो. डॉक्टर गाठले, उलटतपासणी घेतली आणि ठणकावून लिहिलं: कॉफीत एक तेलकट द्रव्य असतं. नुसती उकळली, किंवा जाळीच्या गाळणीने गाळली, की ते थेट कपात उतरतं आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदातून गाळली की ते कागदातच अडकतं. पहिल्या पानावर आली. नावासकट!

बायकोने ती वाचली आणि त्याच दिवशी मला रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला... कोलेस्टेरॉल गगनाला भिडलेलं! झालं, माझं पातेलं माळ्यावर! त्यात मी चमचाभर पूड जास्तीची घालून खळखळा उकळायचो, वर असा चकचकीत तवंग यायचा... अहाहा! त्या तवंगासाठी तर जगत होतो हो!

"अहो, तुम्हीच लिहिलंय ना? की वाचकांना एक आणि घरात एक?"

लेक म्हणते, "बाबा, चुकली असेल बातमी तर तसं कबूल करा." चुकली? माझी? आजवर एका शब्दाचा खुलासा छापावा लागलेला नाही! ऑफिसात पळावं, तर तिथलं जाळीचं यंत्र काढून कागदाचं बसवलेलं. अख्खं ऑफिस माझ्याकडे खाऊ की गिळू करून बघतंय. जायचं कुठे माणसाने? आणि बातमी माझीच!

शेवटी बायको अंघोळीला गेलेली बघून घरच्या फोनवरून, आवाज बदलून, आमच्याच पेपरला फोन लावला. "मी एक संतप्त वाचक! कॉफीची बातमी साफ खोटी आहे, खुलासा छापा!"

ऑपरेटर बाई गोड आवाजात म्हणते, "थांबा हं, ज्यांची बातमी आहे त्यांनाच जोडते."

आणि माझ्या खिशातला मोबाइल वाजायला लागला!

न उचलावा, तर बाई म्हणणार बातमीदार तोंड लपवतोय. उचलला. आता एका कानाला वाचक, दुसऱ्या कानाला मी, आणि मध्ये बाई ऐकतेय!

"माझे आजोबा उकळलेली कॉफी पिऊन नव्वदीपर्यंत जगले!"

"एका आजोबांवरून निष्कर्ष काढता? पुरावा आणा, पुरावा!"

"कागदाने चव जाते!"

"चवीबद्दल बातमीत एक अक्षर नाही! आधी नीट वाचायला शिका!"

आणि काय सांगू तुम्हाला, डोकंच सटकलं! इतका अडाणी वाचक? सोडतो की काय! एकेक डॉक्टर त्याच्या तोंडावर फेकला... शेवटी वाचकाने मुकाट्याने फोन ठेवला. बाई म्हणते, "सर, काय झापलंत हो त्या माणसाला!"

वळतो तर दारात बायको. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हाताची घडी.

"झालं भांडून? कोण जिंकलं?"

म्हटलं, "टाक कागद."