कागद बाहेर, अक्षरं आत

...अन् स्प्रिंगची फाईल चालतच नाही तं मंग बनवतात कायले, हे एकदा मले कोणीतरी सांगावं. पेटीवाल्या काकू येईपर्यंत सांगते तुमाले, भजन सुरू झालं की मी गप.

तं आमच्या आकांक्षाची व्हॅलिडिटी. जातीचा दाखला आहे तिच्याजवळ, पण तो दाखला खरा आहे असा आणखी एक दाखला लागते, अन् तो तीस तारखेपर्यंत कॉलेजात नाही दिला तं नर्सिंगची सीट गेली. आपल्या तिवशातून तीन पोरींचा नंबर लागला, त्यातली एक आमची. आता हा दुसरा दाखला कोण देते, त्या ऑफिसचं नाव मी घेत नाही, आपल्याले पुन्हा काम पडू शकते. तिथं आरती मॅडम बसतात. बाई चांगली आहे, कधी आवाज चढवून बोलली नाही. फक्त फाईल पाहाते अन् म्हणते, "ताई, हे बदलून आणा."

पहिल्यांदा मी स्प्रिंगची नेली. चांगली, निळी. मॅडम म्हणे, "ह्या पट्टीखाली कागदाचा कोपरा दबते ताई, शिक्का दबते, मी काय वाचू? बदलून आणा." मले काही वाटलं नाही. बदलून आणली. पुठ्ठ्याची, लेसवाली. लेस ओवायले भोकं पाडावी लागतात, तं रेशन कार्डाच्या झेरॉक्सले पाडली, अन् नेमकं आमच्या ह्यांच्या नावातून भोक गेलं. मॅडमनं कागद डोळ्यासमोर धरला, भोकातून माह्याकडे पाहालं अन् म्हणे, "घरचे मालक कुठं गेले?" मी म्हटलं, धारणीच्या गाडीवर ड्युटी आहे त्यांची, कंडक्टर आहेत. मागच्या रांगेतले लोकं हासले. मले काही वाटलं नाही.

मंग शाहनवाजभाईच्या दुकानात गेली, आपल्या चौकातलं झेरॉक्सचं. त्यानं वरच्या फळीवरून ती प्लास्टिकच्या पिशव्यांची फाईल काढली, प्रत्येक पानाले वेगळी पिशवी, आरपार दिसणारी. म्हणे, "भाभी, ये ले जाओ. पानी नहीं जाएगा, धूल नहीं जाएगी, दीमक नहीं लगेगी. आपकी नातन के टाइम तक रहेगी." पोरीचं लग्न नाही अजून अन् हा नातीवर पोहोचला. पण माणूस मनापासून बोलते, मी घेतली. अन् मॅडमनं पाहाली तं चक्क हासली, "हां, आता बरोबर. सुनावणीची तारीख कळवू. तोपर्यंत जपून ठेवा."

आता मले जपून ठेवा म्हटल्यावर मी कुठं ठेवीन? देव्हाऱ्यात.

त्या फाईलमधला मेन कागद म्हणजे आकांक्षाच्या पणजोबाचा, पुंजारामजीचा. शेंदूरजनाघाटच्या बाजूच्या एका शाळेत ते दुसरीपर्यंत शिकले, सेहेचाळीस साली. दुसरीपर्यंतच, पण रजिस्टरमध्ये नाव, बापाचं नाव, जात, सगळं लिहिलेलं. हेडमास्तरनं त्या पानाची झेरॉक्स काढून त्यावर सही-शिक्का मारून दिला. तेवढाच पुरावा. म्हणून मी सोळा सोमवार धरले. देवाच्या पाटाखाली फाईल ठेवली, पाटावर पितळेचे सगळे देव मांडले, बाजूले समई लावली, अन् बोलून बसली की उद्यापन होईपर्यंत पाट हलवायचा नाही. कोणी सांगतलं होतं? कोणीच नाही. व्रताच्या पुस्तकातही नाही. माह्या मनानंच. अन् सोमवार धरले कधी, तं चैत्रात. आपला उन्हाळा तुमाले माहीत आहे, वरून टीन, खाली समई, मधात माहे देव बसलेले त्या प्लास्टिकवर. सोळा आठवडे. आकांक्षा म्हणे, "आई, एकदा पाहून तं घे." मी म्हटलं, देवाच्या बुडाखाली आहे, आणखी कोणाचा पाहारा पायजे तुले?

उद्यापन झालं, तारीख आली, फाईल काढली. कुठं डाग नाही. सगळं स्वच्छ दिसते, पुंजारामजी, त्यांचे वडील, जात, सेहेचाळीस. मी पाया पडली अन् निघाली, आकांक्षा संगं.

मॅडमनं वाचलं. "छान. ओरिजिनल बाहेर काढा." मी पिशवीत बोटं घातली अन् कागद ओढला, तं चर्र असा आवाज आला. कागद बाहेर आला. पांढरा. खाली जांभळा शिक्का अन् हेडमास्तरची निळी सही, अन् वर काहीच नाही. पुंजारामजी आतच राहिले. पिशवीले चिकटून.

मॅडमनं कागद माह्या हातातून घेतला अन् परत पिशवीत घातला. तं सगळं परत दिसाले लागलं. बाहेर काढला, गायब. आत घातला, हजर. तीनदा केलं बाईनं. बाजूच्या टेबलावरचे बाबू उठून आले, म्हणे, "मॅडम, मले एकदा करू द्या." त्यानंही केलं. शेवटी मॅडम म्हणे, "ताई, मी नेमकं काय तपासू? कागदावर सही आहे पण मजकूर नाही, मजकूर आहे तिथं सही नाही. पंधरा दिवस देते. शाळेतून दुसरी नक्कल आणा." आकांक्षा तिथंच बाकावर बसली, तिच्या हनुवटीले मी ओळखते, ती अशी थरथरली की पोरगी आता रडते. तिले पाणी पाजलं. मले तुमी विचाराल तं, मले काही वाटलं नाही. मी बसच्या टायमाचा विचार करून राहिली होती.

येता येता शाहनवाजभाईले दाखवली. त्यानं पिशवी उजेडात धरली, कागद पाहाला, मंग टोपी काढून डोकं खाजवलं. "भाभी, ये प्लास्टिक गरम हुआ तो झेरॉक्स की स्याही पकड़ लेता है. कहाँ रखी थी?" मी सांगतलं. त्यानं टोपी परत घातली अन् म्हणे, "अब भगवान के घर का मामला है, मैं क्या बोलूँ."

घरी आमचे हे म्हणे, "अक्षरं गेली तं नाहीत ना कुठं? मंग काहून घाबरून राहिली?" अन् झोपले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो मायलेकी. हेडमास्तर भला माणूस, म्हणे, "काही काळजी नका करू ताई, तुमी गेल्यावर ते रजिस्टर आमी बाइंडिंगले दिलं होतं, पानं सुटून राहिली होती ना. आता पाहा कसं मजबूत झालं." खरंच मजबूत. लाल कापडाचा पाठीचा कणा, पुठ्ठा असा की विटेसारखा. अन् शिलाई इतकी घट्ट घातली की पान उघडलं तं अर्धंच उघडते. पुंजारामजीचं नाव दिसे, साल दिसे, अन् जातीचा रकाना शिलाईत. मी एका बाजूनं दाबलं, आकांक्षानं दुसऱ्या, हेडमास्तर मधात मोबाईलचा टॉर्च लावून वाकले. म्हणे, "पहिलं अक्षर दिसून राहालं." शिलाई उसवा म्हटलं तं म्हणे, "सरकारी रजिस्टर आहे ताई, मले नोकरी आहे." झेरॉक्स निघाली ती अशीच. अर्ध्या पानाची. सही-शिक्का मात्र पूर्ण.

तं आता माह्याजवळ काय काय झालं पाहा. एक पांढरा कागद, एक शिकलेली पिशवी अन् एक अर्धी नक्कल. तिन्ही घेऊन मॅडमसमोर उभी राहिली. म्हटलं, मॅडम, आमी सगळं जपाले गेलो हो. ज्यानं त्यानं जपलंच. दुसरी काही चूक नाही आमची.

मॅडम हासली नाही ह्या वेळी. तिनं पांढरा कागद उचलला, पिशवीत घातला, बोटानं सरकवत सरकवत शिक्का अन् अक्षरं पहिल्यासारखी जागेवर आणली. बाजूले अर्धी नक्कल ठेवली. एकेक ओळ पट्टी लावून जुळवली, जुळते तिथपर्यंत. मंग आतल्या साहेबाकडे घेऊन गेली. आमी बाहेर. आकांक्षानं माहा हात धरला होता, मी शिवशिव म्हणून राहिली होती, पण सवयीनं, मनात काही नव्हतं. पाऊण तासानं मॅडम आली. म्हणे, "साहेब म्हणतात चालते. ही पिशवी इथंच राहील, कागदासकट. कोणी बाहेर काढू नये असं वर लिहून ठेवते."

काल भेटली व्हॅलिडिटी. सत्तावीस तारखेले. आकांक्षा नाचली घरभर, शेजारच्या आल्या, म्हणे सुभद्राबाई, रडली असशील आनंदानं. मले काही वाटलं नाही. मी एवढंच विचारलं, आता हा कागद ठेवायचा कुठं? सोमवारी कॉलेज उघडते, आज शनिवार. स्प्रिंगमध्ये दबते, लेसले भोक पडते, पिशवी अक्षरं पिते, बाइंडिंग गिळते, देवाचं तं तुमाले सांगतलंच. म्हणून कशातच नाही ठेवला. हा पाहा, कालपासून हातातच आहे. सकाळी पोळ्याही आकांक्षानंच केल्या.

काकू आल्या वाटते. मले जरा हातपाय धुवून यायचं होतं... कोणी धरता काय दोन मिनिटं?

नाही, राहू द्या. तुमच्या हाताले घाम असंन.