उघडू नको, सायली

(नाशिक, कॉलेज रोड. फुलवाल्याच्या दुकानासारखी सजवलेली एक बंद खोली. आत सावळीराम आणि सगुणाबाई. त्यांची सून सायली बाहेर कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसली आहे. तिचा आवाज आत स्पीकरमधून येतो.)

सगुणाबाई : अन माझ्या चपला? बाहेरच राहिल्या ना गं?

सायली : आई, चपला घालूनच जायचं असतं आत.

सगुणाबाई : दुकान हाय ना हे? दुकानात लक्ष्मी असती. चपला घालून कोण जातं?

सावळीराम : वर बघून काय बोलू राहिली? ती वर नाय, बाहेर हाय.

सगुणाबाई : तुम्ही पण वरच बघू राहिले की.

सायली : ऐका ना दोघं. गोष्ट परत सांगते. हे एका फुलवाल्याचं दुकान आहे. शेठ गावाला गेलेत आणि तुम्ही चुकून आत अडकलात. दाराच्या कुलपाला आकडा लागतो, तो आकडा याच खोलीत लपवलाय. तासाभरात शोधायचा आणि बाहेर यायचं. बस्स.

सावळीराम : अन नाय सापडला तर?

सायली : तर वेळ संपल्यावर मीच दार उघडणार.

सावळीराम : मग आत्ताच उघड. तेवढाच तास वाचंल.

सायली : आबा! अहो, उद्या ओपनिंग आहे. आतापर्यंत मैत्रिणींना आणलं, त्या सगळ्या 'सुपर, सुपर' करून फोटो काढून गेल्या. खरं कोणी सांगत नाही. तुम्ही दोघं तोंडावर सांगता, म्हणून तुम्हाला आणलं.

सगुणाबाई : ते मात्र खरं. यांनी आमच्या लग्नातल्या जेवणाला पण नावं ठेवली व्हती.

सावळीराम : भात कच्चा व्हता.

सायली : चला, सुरू करा. आधी तो गल्ला उघडून बघा.

सगुणाबाई : परक्याच्या गल्ल्याला हात लावू? काहीतरीच तुझं!

सायली : आई, तो गल्ला माझाच आहे. मीच आणलाय जुन्या बाजारातनं.

सगुणाबाई : मग ठीक हाय. अहो, तुम्हीच उघडा. मला नाय बाई जमायचं.

सावळीराम : ह्या बघ चाव्या. एवढा जुडगा! अन तिकडं पत्र्याचा डबा हाय, त्याला कुलूप.

सायली : आबा, चाव्यांचा रंग बघा, आणि डब्याचा—

सावळीराम : अगं थांब ना पोरी! मला दिसू राहिलं. सिनेमा बघताना शेजारी बसून पुढचं सांगणारं माणूस असतं ना, तसं करू राहिली तू. शोधू तर दे.

सायली : बरं, बरं. सॉरी. नाही बोलत.

सगुणाबाई : फुलं तरी खरी लावायची हिनं. घरचं झेंडूचं शेत, अन सुनेच्या दुकानात प्लास्टिकचा झेंडू! कुणी बघितलं तर काय म्हणंल?

सावळीराम : खरी फुलं दोन दिवसांत सुकतील. तिनं काय रोज मखमलाबादला यायचं का फुलं न्यायला?

सगुणाबाई : मी धाडली असती ना ललितच्या गाडीत. पोराला काय, मार्केटला जातोच तो.

सावळीराम : ही चावी नाय. ही पण नाय. तू तिकडं स्टुलावर बसून काय करू राहिली?

सगुणाबाई : काय नाय. रिकामा हात बसत नाय माझा. तुमचं चालू द्या.

सावळीराम : बरं, नवसाबाईला उद्याचं आवतण दिलं का?

सगुणाबाई : नाय.

सावळीराम : अन माझ्या बहिणीला, अक्काबाईला?

सगुणाबाई : कुणालाच नाय.

सावळीराम : अगं, उद्यावर पूजा आली! चांदवडवरनं यायचं म्हणजे नवसाबाईला आधी सांगाया नको? धाकटी जाऊ तुझी, तिला रुसायला निमित्तच लागतं.

सगुणाबाई : ठाऊक हाय मला. रोज फोन हातात घेते अन ठेवून देते. काय सांगू तिला? सुनेनं कंपनीतली चांगली नोकरी सोडली, अन आता ती लोकांना खोलीत कोंडती? असं सांगू? ती विचारंल, कशाला कोंडती? मला ठाऊक असलं तर सांगीन ना! ललितनं दोनदा समजावलं, सायलीनं मोबाईलवर दाखवलं, मी नुसती मान डोलावली. काय बी कळलं नव्हतं.

सावळीराम : नवसाबाई हसंल म्हणून भ्याली का?

सगुणाबाई : मला हसू दे की. मला हसली तर चार शब्द ऐकवीन मी तिला. पण उद्या सायली दारात उभी राहील, नवी साडी नेसून, अन तिला हसली तर? 'हे कसलं गं काढलं?' असं सगळ्यांदेखत विचारलं तर? सासू म्हणून मी मधी बोलाया पाहिजे. अन माझ्यापाशी उत्तरच नाय.

सावळीराम : हळू बोल. ती ऐकती.

सगुणाबाई : कुठनं?

सावळीराम : अगं, तिचा आवाज इकडं येतो, तसा आपला तिकडं जातच असंल ना.

सगुणाबाई : अगं बाई! सायली?

सायली : हो, आई. येतंय ऐकू.

सगुणाबाई : मेले मी.

सायली : असू द्या हो. मला वाटत होतं तुम्हाला यायचंच नाहीये उद्या. रोज विचारायचं ठरवायचे, आई, कोणाला सांगितलंत का, आणि रोज जेवायला बसलं की विषयच निघायचा नाही. माझ्या माहेरची नांदगावहून सगळी येणार आहेत. पण आपल्या घरचं कोणी नसलं तर मला फार लागेल, आई. बाकी खोली चालेल न चालेल, ते बघू.

सगुणाबाई : रडू राहिली का तू?

सायली : नाही. माईकच खराब आहे.

सावळीराम : मग तो पण बदल आजच्या आज.

सगुणाबाई : अहो, गप बसा ना! पोरीला वाईट वाटू राहिलं, अन तुमचं काय?

सावळीराम : लागली! चावी लागली! उघडला डबा! आत काय बी नाय. थांब, झाकणाला आतनं रंगानं लिहिलंय. 'पाहुणा आला की आधी माझ्याखालून जातो. मला मोज.' म्हणजे काय? छप्पर? पंखा? पंख्याला तीन पाती. तीनाचं कुलूप असतं का?

सगुणाबाई : पाहुणा दारातनं येतो ना? दाराला काय असतं वर? तोरण.

सावळीराम : आरं वा! तोरण! हुशार हाय की तू. कुठंय तोरण? इथं तर नुसते खिळे हायेत.

सगुणाबाई : हे काय, माझ्या हातात.

सावळीराम : तुझ्या हातात कसं आलं?

सगुणाबाई : लय वेडंवाकडं ओवलं व्हतं वो कुणीतरी. एकीकडं फुलांची ही दाटी, एकीकडं पाक ओसाड. म्हटलं, उद्या पूजेला लोकं येतील, म्हणतील फुलवाल्यांच्या घरची सून अन हे असलं तोरण! म्हणून सोडलं अन नीट ओवलं. बघ ना सायली, दिसतंय का तुला? पानाआड तीन-तीन फुलं. कसं भरल्यासारखं दिसू राहिलं!

सायली : आई...

सगुणाबाई : काय गं? नाय आवडलं?

सायली : आई, ते मुद्दाम तसं ओवलं होतं. दोन पानांच्या मधली फुलं मोजायची होती. तोच दाराचा आकडा होता.

सावळीराम : हात्तिच्या!

सगुणाबाई : अहो, हसू नका.

सावळीराम : हसू नको तर काय करू? शेठनं एवढं डोकं चालवून आकडा लपवला, अन हिनं तो धुऊन पुसून ठेवला! थांब, तीन तीन तीन तीन लावून बघतो. नाय उघडत. उघडंल कसं!

सगुणाबाई : सायली, तू बघत व्हती ना टीव्हीवर? मला अडवायचं ना गं!

सायली : मी आधी आबांच्या चाव्यांकडे बघत होते. आणि मग तुम्ही आवतणाचं बोलायला लागलात, तेव्हा मी कशाकडेच बघत नव्हते.

सावळीराम : हा कसला भोंगा वाजला?

सायली : वेळ संपली, आबा. जाऊ द्या, चूक माझीच आहे. तोरण तारेत पक्कं ओवायला हवं होतं. थांबा, दार उघडते.

सगुणाबाई : उघडू नको!

सायली : अहो, पण वेळ—

सगुणाबाई : उघडू नको, सायली! दाराला हात लावशील तर बघ. मी मोडलं ना? मीच लावते. बसा वो तुम्ही खाली. मला आठवू द्या.

सावळीराम : प्लास्टिकचं तोरण काय आठवणार हाय तुला?

सगुणाबाई : माझ्या हातानं सोडलंय ना ते. मला राग आला व्हता त्याचा, राग आलेलं विसरत नाय मी. पहिल्या पानाशी दाटी व्हती. गाठ सुटेना. तिथं पाच व्हती, पाच काढून मांडीवर ठेवली मी. मग पुढं एकटंच फूल. त्याचंच मला वाईट वाटलं.

सावळीराम : पाच, एक. पुढं?

सगुणाबाई : पुढं... तवा तुम्ही नवसाबाईचं काढलं. ध्यान उडालं माझं. शेवटाला दोन व्हती, ते पक्कं. मधलं नाय आठवत. सायली, तू गप हाय ना? सांगू नको बरं का!

सायली : गप्प आहे, आई. तोंडावर हात ठेवलाय.

सावळीराम : आता किती फुलं ओवली तू?

सगुणाबाई : तीन-तीन, चार जागी.

सावळीराम : एखादं उरलं, पडलं, टाकलं?

सगुणाबाई : फूल टाकीन का मी?

सावळीराम : मग सगळी बारा. पाच, एक अन दोन, आठ झाली. मधली चार! सरक बाजूला. पाच... एक... चार...

सगुणाबाई : दोन! दोन लावा ना पटकन!

सावळीराम : उघडलं!

सगुणाबाई : उघडलं! अगं बाई बाई बाई! सायली, उघडलं गं! आमचं आम्ही उघडलं!

सायली : आई, अहो हळू, पडाल! किती घट्ट धरलंत मला!

सगुणाबाई : शाळेत माझा कधी नंबर आला नाय. नंबर आला की असंच वाटत असंल. लय बरं वाटलं गं मला, लय बरं वाटलं.

सायली : तुम्हाला आवडलं?

सगुणाबाई : अजून एक खोली हाय का?

सायली : अजून नाही. ही चालली तर करीन. आबा, तुम्ही सांगा. खरं खरं. उद्या लोकांना बोलवायच्या लायकीचं आहे ना हे?

सावळीराम : हे बघ. आत एकच स्टूल, ते हिनं बळकावलं. मी उभाच. वयस्कर माणसं आली तर काय करशील? पंखा नुसता आवाज करतो, वारा नाय. झाकणावरचं अक्षर बारीक हाय. अन तू मधी मधी बोलायचं नाय. मागितलं तरच सांगायचं. ज्याचं त्याला सापडलं ना, तर त्याला घरी जाऊन सांगायला काहीतरी राहतं.

सायली : एवढ्या चुका?

सावळीराम : चुका नाय म्हणत मी. ह्या उद्यापर्यंत निस्तरता येतील. मी कुठं पण गेलो की घड्याळ बघतो, हिला विचार, हळदीला गेलो तरी बघतो. आत एकदा पण नाय बघितलं. भोंगा वाजला तवा मला वाटलं, आत्ता तर आलो.

सायली : म्हणजे चांगली आहे?

सावळीराम : चांगलीच हाय. मन लागलं माझं. अजून कसं सांगू?

सायली : नको, पुरे. एवढं बस झालं मला.

सगुणाबाई : सायली, माझा फोन दे गं, आत जाताना तुझ्या पेटीत ठेवलेला.

सायली : घ्या. कोणाला लावताय?

सगुणाबाई : थांब, रिंग जाऊ राहिली. हॅलो, नवसाबाई? मी सगुणा. हां, सगळी बरी हायेत. ऐक, उद्या सकाळी यायचं. आवतण हाय. सायलीनं स्वतःचं काढलंय, कॉलेज रोडला. पूजा हाय तिची... हां, सोडली नोकरी... नाय गं, दुकान नाय. खोली हाय. आत जायचं, दाराला कुलूप, अन आपलं डोकं लावून बाहेर यायचं... हस, हस. आम्ही दोघं आज आतच व्हतो... निघालो की! आपले आपण निघालो... यांनी? निम्मं यांनी, निम्मं मी.

सावळीराम : निम्मं?

सगुणाबाई : गप बसा वो. नाय, तुला नाय म्हटलं. भाऊजींना पण आण, अन अक्काबाईला तूच सांग, मी पण लावते नंतर... काय म्हणतीस? कसं निघालो? कुठं लपवलं व्हतं?

सायली : आई—

सगुणाबाई : ते नाय सांगायचं, बाई. आमच्या धंद्यातलं हाय ते.