मागच्या दाराचा शॉकअप

नाई, नाई, सोडू नका साहेब, दार असंच धरून ठेवा — पुरं उघडं, हां, अन् खालून गुडघा लावा — स्टेपनी लटकली हाये त्याच्यावर, वीस किलोचं धूड, सुटलं तर माह्या बोटांचा चिवडा होईन. नागपूरवाल्यांचं बरं असते बाप्पा, पार्सलमंदी सामान मागवाचं, मोबाइलवर व्हिडिओ पाहाचा, अन् मंग पांढरकवड्याच्या मिस्त्रीले म्हनाचं, अन्सारभाई, दहा मिनटाचं काम हाये. दहा मिनटाचं असतं तर तुम्हीच नसतं केलं का? हसू नका, दार हालते. हे पाहा — ह्या शॉकअपच्या नळीत गॅस दाबून भरलेला असते, दांडा आत लोटला का तो परत बाहेर फेकते. मंग दार हवेनं लागत नाई, उतारावर लागत नाई, तुमचे पाहुने टिपेश्वरात वाघ पाहून उतरले तर कोनाच्या पाठीत बसत नाई. नळी वर, दांडा खाली, जरासा झुकता — म्हनजे आतलं तेल तोंडाशी राह्यते. लोक उलटा लावतेत अन् सहा महिन्यात बोंब मारतेत. किती वाजले? पावने बारा? चला, एकच्या आत तुम्हाले रस्त्याले लावतो. नाई, नमाजसाठी नाई जी. आज डबा शगुफ्ता आनते. माह्या लहान्या भावाची बायको — म्हनजे बेवा, परवेजची. रोज माही बायको जुबैदाच आनते, पन ते गेली ढाणकीले, माहेरी. शगुफ्तानं हे गाडी पाहू नये, बस. एवढंच. एक वाजता ते त्या समोरच्या बोळीतून येते, त्याच्याआधी तुम्ही गेले पाह्यजे. काहून म्हनजे? पाहू नये म्हनलं ना. पकडा बराबर.

तुम्ही सकाळी आले तवा म्या वळखलंच नाई. हिरवा रंग, वरतं वाघाचं चित्र — म्या म्हनलं असन कोनाची. मागून हात फिरवला तवा हाताले दाराची बाहेरची कडी लागली. हे भगवानरावची जीप, तवा पांढरी व्हती. केळापूरच्या अंगानं त्याहीचं वावर हाये, मानूस सोन्यासारखा, अजूनही हाये — पन गाडी इकून टाकली अन् तोंड लपवत फिरते बिचारा, जसं काय त्यानंच — जाऊ द्या. तो ड्रिल सरकवा इकडे, पायानं. ह्या जीपमंदी मानसं कमी बसली, कापूसच जास्त. आमच्याकडे वेचनीच्या दिवसांत घरातली झोपाची जागाही कापसाले देतेत, मंग जीप कशी सुटन? मागच्या सीटा काढल्या, काचा काढून टीन मारला, ड्रायव्हरच्या पाठीशी पत्र्याची भिंत घातली — कापूस उडून तोंडावर येते ना. अन् मंग दोन गडी आत उतरवाचे अन् पायानं तुडवाचा, टपापर्यंत. आता कापूस फुगते, दार आतून लोटते, अन् त्याची रुई घुसते लॉकमंदी. हर दोन दिवसाले लॉक जाम, हर दोन दिवसाले भगवानराव दारात उभा. शेवटी लॉक काढला, आतलं हँडल काढलं, भोकावर हा पत्रा मारला, अन् बाहेरून मोठी कडी. मिटला किस्सा! कापसाले काय आतून उघडून बाहेर निंगाचं असते? पाहा ना पत्रा — चार वर्सं झाले, सारं दार कागदासारखं झालं, पन हा ठनठनीत. आठ रिबिटा, एक हालत नाई. पांढरकवड्यात असं काम दुसऱ्या कोनाच्या बापाले जमन का — हो. म्याच मारला. त्यात लपवाचं काय, गिऱ्हाइकानं सांगतलं, मिस्त्रीनं केलं.

काढून टाकू म्हनता? तेच तर कराचं व्हतं. बाहेरची कडी तुमच्यादेखत कापली ना, वळखल्याबरोबर, चहाही पेलो नाई, पयले ग्राइंडर लावला. पत्राही काढाचा व्हता, आतून हँडल बसवाचं व्हतं, मुफतमंदी, अल्ला कसम. पन मंग तुमच्या शॉकअपचा ब्रॅकेट बसवू कुठं? इथं बोट लावा — पाहा, भोक पडलं. इथं? पडलं. साऱ्या दारात घट्ट जागा एकच राह्यली, अन् ते म्हनजे हा पत्रा. म्हनून हा राहीन. मी मरीन तरी हा राहीन. साधी खटकी लावली हाये, आतून लेकरानं लोटलं तरी दार उघडन. तेवढंच आपल्या हातात.

तुम्ही इचारलं म्हनून सांगतो. नाई इचारलं? मंग तसंच ऐका, हात तर अडकलेच हायेत तुमचे. बोंडअळीचं साल व्हतं ते, दोन वर्सं झाले. कपाशी मानसाच्या डोक्यावर गेलती, पंप मारला का फवारा वरून तोंडावरच पडे. परवेज आधी माह्याच गॅरेजात व्हता — भांडून गेला. कायचं भांडन? पाना जागेवर ठेवत नव्हता! एका पान्यासाठी म्या त्याले म्हनलं, जाय, कर मजुरी, तवा समजन तुले. गेला. भगवानरावच्या वावरात फवारनीले लागला. चवथ्या दिवशी दुपारी वावराच्या कडेच्या धुऱ्यावर पडला, डोळ्याले दिसे ना, तोंडातून फेस. अँबुलन्स? त्या दिवसांत रोज दोन-चार असेच, ते दुसऱ्याले घेऊन गेलती. भगवानरावनं त्याले उचललं, जीपमंदी मागं टाकलं, गाडी इकडून, गॅरेजवरून नेली. संगं एक जन मागं चढला, त्याले धराले. भगवानरावनं सवयीनं दार लावलं, सवयीनं कडी घातली, अन् निंगाले यवतमाळले.

कोन एक जन? असन कोनीतरी, ऐका ना पुढं. मधात एका गावाजवळ दवाखाना दिसला, भगवानरावच्या मनात आलं, इथं एखादं इंजेक्शन भेटते का पाहू — चांगल्यासाठीच ना जी! — इंजिन चालूच ठेवलं, उतरला अन् आत गेला. पाव घंटा गेला. इकडे आत टीनाची भट्टी, औषिदाचा वास, परवेजचे कपडे जहरानं ओलेचिंब. कपडे तर फाडून काढले, पन अंगाले लागलेलं जहर पान्याबिगर निंगते का? अन् पानी वीस पावलावर! टीनाले रिबिटाचं एक भोक तसंच राह्यलतं, त्यातून हापसी दिसे. एक बाई पान्याचा गुंड भरून राह्यली — भरला, वाहून चालला, तरी हापसतच. तो आतून बोंबलला, बुक्क्या मारल्या, लाता मारल्या, मोबाइल गॅरेजात चार्जिंगले राह्यला — दार हालत नाई, कसं हालन, त्या आठ रिबिटा म्या सोताच्या हातानं ठोकल्या, लाता खाऊन हालनारं काम म्या जिंदगीत केलं नाई! म्या लाता मारल्या, म्या खांदा मारला, हाच खांदा, अजूनही वर जात नाई — अन् त्या बाईनं वळून पाह्यलं. पाह्यलं साहेब! अन् गुंड डोक्यावर घेऊन चालली गेली. तिले वाटलं असन, बकऱ्या भरल्या हायेत. परवेज म्हने, भाई, गरम हो रहा. दोनदा म्हने. मंग काई बोलला नाई.

हो, मीच व्हतो आत. दुसरं कोन असनार? लहाना भाऊ व्हता माहा. कानाले हात लावू लावू सांगतो, तो मेला जहरानं, सारे तेच म्हनतेत, कागदावर तेच हाये. पन यवतमाळच्या डॉक्टरनं इचारलं, रस्त्यात अंग धुतलं का नाई? म्या म्हनलं, नाई. तो म्हने, धुतलं असतं तर — अन् माह्या तोंडाकडे पाहून दुसऱ्या खाटेकडे वळला. बोलून टाकाचं ना बाप्पा! काई फायदा नसता झाला म्हनून तरी सांगाचं! अन् भगवानराव समजते का कडी त्यानं घातली म्हनून झालं. त्यानं इथं येऊन, ह्या जागेवर, माहे पाय धरले. म्या म्हनलं, जाऊ द्या, नसीब. हँडल कोनी काढलं, त्याले आठवलं नाई अन् म्या आठवू देलं नाई. हरामखोरच ना मी? बोला ना, हरामखोर म्हना, मले राग नाई येत.

परवेजच्या चाळिसाव्या दिवसाले शगुफ्ता पडद्याआडून इचारते — भाईजान, पानी क्यूँ नई डाला, तुम तो साथमेच थे. म्या म्हनलं, लॉक जाम झालतं. झूठ पाहा कशी — लॉक व्हतंच कुठं! तिनं मानलं. त्या दिवसापासून माह्यासाठी येगळी रोटी करते, गरम, आपल्या हातानं. मोहल्ल्यात सांगते, भाईजाननं लय कोशिश केली, खांदा मोडून घेतला. जुबैदाही हेच सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनतेत ना — माही तर त्याच मुठीत निखारा हाये साहेब, उघडताही येत नाई अन् धरताही येत नाई.

बसला. टक् वाजलं ना? सोडा आता. सोडा, भेवू नका, पडत नाई. पाहा — हातही लावाची गरज नाई, कसं टाठ उभं राह्यलं. याच्याआधी हे दार कधी असं उघडं राह्यलंच नाई, म्हनून तर आतला पत्रा कोनाच्या नजरेले पडला नाई. बस, आता लावा अन् निंगा. साडेबारा होऊन राह्यले. लावा म्हनलं ना, कितीक उघडझाक करता, खेळनं हाये का ते — हां, वा, छान हाये, माहीत हाये मले छान हाये, म्याच बसवलं — लावा! बोळीकडे तोंड हाये त्याचं, पुरं दिसते — या अल्ला.

शगुफ्ता, आज जल्दी आ गई? डब्बा उधर रख दे, स्टूल पे. हौ, ये नागपूरवाले साहब की है, जा रहे अब. हरी है देख ना, वो तो सफेद थी — अरे, मैं तो वैसेच बोला. शगुफ्ता. उधर कहाँ? साहेब, बाजूले व्हा. नाई, अडवू नका, मी जेठ हाये, मले हात धरता येत नाई तिचा, अन् तुम्ही तर परके. जाऊ द्या. चढली. तिथंच बसली पाहा, तिले कोनी सांगतलं नाई तो कुठं निजवला व्हता, तरी तिथंच. पत्र्यावर हात ठेवला. दार ओढून राह्यली — शॉकअप मागं लोटते, तिनं दोन्ही हातानं ओढलं — लागलं. खटकी बसली.

शगुफ्ता? ढकल. अंदर से ढकल, खुलता है. बस हात लगा. अब खुलता है, मैं बोल रहा ना — तब नई खुलता था, तब हँडलच नई था, मैंनेच निकाला था, पत्रा भी मैंनेच मारा, लॉक-वॉक कुछ जाम नई हुआ था — ढकल ना बेटा. गरम हो रहा होगा अंदर.

लोटत नाई साहेब. मले उघडता येते जी, बाहेरून एका बोटानं उघडते — पन कोनत्या तोंडानं उघडू? तुम्ही? नाई! हात लावू नका. गाडी राहू द्या इथंच, उद्या या, परवा या, नका येऊ. जा तुम्ही. जा म्हनतो ना!