अर्धी गाडी पुतळाला घेऊन गेली

…सगळं सांगितलं हो त्या पोरानं, पण हे न्हाय सांगितलं! आमचा प्रितेश, जर्मनीत नोकरीला, तुम्हाला सांगतो, फोनवर तासभर वाटेतल्या त्या एका स्टेशनाचंच पुराण… "बाबा, दीडशे वर्षांचं हाय, महायुद्धात बॉम्ब पडला, लोकांनी वीट न् वीट परत लावली, आता लिफ्ट हाय, सामानाला कपाटं, सायकलींना वेगळी जागा, पावाचं दुकान, गाडी तिथं सात मिनिटं थांबते…" अरे, थांबून करते काय, ते सांग ना! ते न्हाय सांगितलं!

आता मी टेमघरचा माणूस. तिकडं विमानातनं उतरून त्याच्या गावच्या गाडीत चढलो, बघतो तर पुढच्या डब्यात चार बायका बसलेल्या. म्हटलं, लेडीज! पुतळाला, म्हणजे आमच्या मंडळींना, तिथं बसवली नि मी आपला सभ्य माणूस, पुरुष शोधत पार मागच्या डब्यात गेलो. काय चुकलं माझं, सांगा?

स्टेशन आलं. मी पाय मोकळे करायला उतरलो, घड्याळ बघतोय, छप्पर बघतोय, म्हटलं काय वीट लावलीय… आणि खट्ट! गाडी मधोमध तुटली! अहो, दोन तुकडे! पुढचा तुकडा निघाला… खिडकीत पुतळा, मला टाटा करतेय! आपल्याकडं कापडाच्या लूमवर एक धागा तुटला तरी कारागीर "अरे रोको, रोको!" करून शेड डोक्यावर घेतो, आणि इथं आख्खी गाडी तुटली तर एकानं पेपरातनं मान वर केली न्हाय!

ऑफिसात धावलो. "मॅडम, गाडी टूट गया! माय वाईफ… हाफ ट्रेन… गॉन!" ती बाई शांत. "येस, येस. एव्हरी डे." एव्हरी डे? रोज बायका जातात? तिनं कागदावर काढून दाखवलं, पुढची अर्धी एका गावाला, मागची दुसऱ्या. तोवर माझी अर्धी पण गेली, बॅगांसकट! हे न्हाय सांगितलं हो कुणी! मला रडू फुटलं, खरंच सांगतो. तिला भाषा येत न्हाय, तिकीट माझ्या खिशात, तीस वर्षांत बाजारात पण एकटी गेली न्हाय…

मॅडमनं फोन फिरवला. तासाभरानं उलटी गाडी आली, पुतळा उतरली. हातात केक, कुणा म्हातारीनं दिलेला, आणि चेहऱ्यावर अशी शांती… लग्नापासून मी बघितली न्हाय! मी हुंदके देतोय, "अगं, घाबरली न्हायस ना?"

तर हळूच विचारते, "अवो, आपलं विमान पण असंच मधनं सुटतं काय?"

तुम्हाला सांगतो, आवाजात भीती न्हाय हो… आशा होती!